पाणी जोखणे

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला तपासणीची सवय झालेली असणार, असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. तपासनीस यायचा म्हटला की आम्ही आदल्या दिवशी टेबलं पुसतो, फायली झटकतो, खुर्चीच्या पाठीवर महिनोन् महिने वाळत पडलेला नॅपकिन घडी करून ठेवतो आणि एकमेकांशी विनाकारण गोड बोलतो. काही सापडेल, याची भीती नसते. सापडणारच असतं. सापडलं की त्याबद्दल काहीतरी करावं लागेल, याची भीती असते.

घरीही माझं तेच. सहा महिन्यांपूर्वी मी चहातली साखर सोडली. रोज सकाळी जांभळाच्या बियांची पूड खाऊ लागलो. संध्याकाळी चालायला जाऊ लागलो, निदान कोपऱ्यापर्यंत. फक्त रक्तातली साखर तेवढी तपासली नाही. बायको म्हणे, "आधी तपासून तर घ्या." मी म्हणे, "अगं, उपचार चालू आहेत ना? मग तपासून काय करायचंय?" या उत्तरात कुठेतरी पाणी मुरतंय, हे मलाही कळत होतं. कुठे मुरतंय ते मात्र गेल्या दिवाळीत जांब समर्थला कळलं, आणि तेही अक्षरशः पाण्यामुळे.

जांब समर्थ हे जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला तो इथेच, आणि बोहल्यावरून 'सावधान' ऐकताच पळाला तो याच पंचक्रोशीतून, असं सांगतात. लग्न ठरवण्याआधी नवऱ्या मुलाचं पाणी कुणी जोखलं असतं, तर मांडवाचा खर्च वाचला असता, असं मला लहानपणापासून वाटत आलेलं आहे. माझे नानामामा तिथे शेती करतात. मामांसमोर मी हे एकदाच बोललो होतो.

तर गेल्या दिवाळीत आम्ही सगळे मामांकडे जमलो. पुण्याहून माझा भाऊ त्याच्या दोन मुलांना घेऊन आला होता. शेतात विहिरीजवळ मामांचा हौद आहे. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, चार फूट खोल, अर्धा जमिनीत आणि अर्धा वर. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून आम्ही याच हौदात पोहायला शिकलो. पुण्याच्या मुलांनी हौद पाहिला, त्यावर तरंगणारी लिंबाची पिवळी पानं पाहिली, एकमेकांकडे पाहिलं, आणि धाकटा पुतण्या म्हणाला, "काका, याला क्लोरीनचा वास का येत नाही? आमच्या टँकला येतो."

"कामून यावा?" मामा म्हणाले. "पाणी हाय ते. वास येण्यासाठी ते काय अत्तर हाय?"

मामांची पद्धत ठरलेली. गुढीपाडव्याला हौदात चिमूटभर लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकायचं आणि अधूनमधून तुरटी फिरवायची. मामांच्या आजोबांपासून हे चालू आहे. चालीमागे मोठा इतिहास आहे. 1890 च्या दशकात हॅन्किन नावाच्या गोऱ्या शास्त्रज्ञाने पटकीला आळा घालायला उत्तर हिंदुस्थानातल्या विहिरींत हे औषध टाकण्याचा आग्रह धरला, आणि पुढे ते देशभर गावोगावी गेलं. आता पिण्याच्या पाण्यासाठी ते कुणी सुचवत नाही. त्याची जागा ब्लीचिंग पावडरने, म्हणजे गावच्या भाषेत टीसीएलने, घेतली त्यालाही जमाना झाला. पण मामांचा आजोबांवर विश्वास आहे, आणि आजोबा मत बदलायला हयात नाहीत.

मी मात्र तयारीने गेलो होतो. आमच्या सोसायटीच्या टाकीसाठी आणलेल्या टीसीएलची पाच किलोची पिशवी गच्चीवर उरली होती, ती मी डिकीत घातली होती. दुसऱ्याचं भलं करायला निघालेला माणूस सामान विसरत नाही. मी म्हणालो, "मामा, आजपासून लाल औषध बंद. ही पांढरी पावडर टाकू."

"किती टाकायची?"

"टाकू की. अर्धी पिशवी."

"अर्धी कामून? पाऊण कामून नाही?"

हा प्रश्न बिनतोड होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आकड्यांवर पोट भरणारा, आणि आकडा विचारल्यावर माझं उत्तर होतं 'टाकू की'.

तेवढ्यात मलेरियावाले अण्णा आले. अण्णा निवृत्त आरोग्यसेवक. उभी नोकरी घरोघरच्या भिंतींवर फवारणीच्या तारखा लिहिण्यात आणि विहिरींत वाकून पाहण्यात गेली. ते फराळाला आले होते, पण पिशवी पाहताच चकली खाली ठेवून म्हणाले, "थांबा. आधी पाणी तपासलं का?"

झालं. मामांचा चेहरा उतरला. "अण्णा, समर्थांनी टाकळीला बारा वर्षं नदीच्या पाण्यात उभं राहून जप केला. कुणी तपासलं होतं ते पाणी?"

"नानासाहेब, ती नदी होती. वाहत होती," अण्णा म्हणाले. "तुमचा हौद उभा आहे."

यावर मामांकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी अण्णांपुढे चिवडा सरकवला.

अण्णा घरी जाऊन एक जुनी लाकडी पेटी घेऊन आले. तिच्यात सहा पांढऱ्या वाट्या, एक काळी वाटी, काचेच्या कांड्या, एक चमचा आणि औषधाच्या बाटल्या. हॉरॉक्स नावाच्या एका इंग्रज लष्करी डॉक्टरने बसवलेली ही तपासणी. काळ्या वाटीत सपाट चमचाभर, म्हणजे दोन ग्रॅम, पावडर घेऊन तिची पेस्ट करायची, खुणेपर्यंत पाणी घालून ढवळायचं आणि गाळ खाली बसू द्यायचा. सहा पांढऱ्या वाट्यांत हौदाचं पाणी. पहिल्या वाटीत वरच्या निवळीचा एक थेंब, दुसरीत दोन, असे सहावीत सहा. मग अर्धा तास स्वस्थ बसायचं. नंतर प्रत्येक वाटीत तीन थेंब स्टार्च-आयोडाइडचे. जी पहिली वाटी स्वच्छ निळी दिसेल, तिचा आकडा म्हणजे 455 लिटर पाण्याला लागणारे चमचे.

"455 च का?" मी विचारलं. हिशेबनिसाचा स्वभाव.

"शंभर गॅलन," अण्णा म्हणाले. "साहेब गेला, गॅलन राहिला."

मग त्यांनी यामागची गोम सांगितली, आणि ती ऐकून मी सरसावून बसलो. पाण्यात क्लोरीन टाकला की तो लगेच राखणीला उभा राहत नाही. आधी पाण्यात मुरलेला पालापाचोळा, शेवाळ, घाण त्याला खाऊन टाकते. ही पाण्याची भूक. ती भागल्यावर जो उरतो, तो खरा राखणदार. पिण्याच्या पाण्यात लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक हवा, पोहण्याच्या टँकात एकाच्या आसपास किंवा जास्त. म्हणजे किती जमा केलं याला अर्थ नाही. जुनी देणी भागवून शिल्लक काय उरलं, याला अर्थ आहे. जी गोष्ट मी काउंटरमागे बसून रोज लोकांना सांगतो, ती मला हौदाच्या काठावर नव्याने कळत होती.

"आणि बाळा," अण्णा पुतण्याला म्हणाले, "तुमच्या टँकला जो वास येतो ना, तो निव्वळ क्लोरीनचा नसतो. पोहणाऱ्यांचा घाम आणि तुम्ही पोरं पाण्यात जे काही करता ते, त्याच्याशी क्लोरीनची झटापट झाली की तो वास सुटतो. टँकाचा वास फार यायला लागला तर समजावं, राखणदार कमी पडतोय."

दोन्ही पुतण्यांनी एकमेकांकडे अपराधी चेहऱ्याने पाहिलं. मला मात्र आमच्या ओळखीतले, धर्मकार्याचा घमघमाट सुटलेले दोन-तीन सद्गृहस्थ आठवले.

काहीच न टाकलेल्या एका भांड्यातल्या पाण्यातही अण्णांनी निळ्याच्या औषधाचे थेंब टाकून पाहिले. "लाल औषध पाण्यात शिल्लक असलं तर त्याच्यानेही निळं होतं, आणि मग वाटी खोटं बोलते," ते म्हणाले. पाडव्याचं औषध केव्हाच संपलेलं होतं. पाणी तसंच राहिलं. मग सहा वाट्या मांडून झाल्या आणि अर्धा तास सुरू झाला.

हा अर्धा तास फार वाईट. बँकेत अर्ध्या तासात आम्ही जेवून, पान खाऊन परत येतो; इथे सहा वाट्यांकडे बघत बसायचं. मामा धुसफुसत होते. "सगळं आयुष्य या पाण्यावर गेलं. ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याची परीक्षा घ्यायची म्हणजे काय?"

तुम्ही म्हणाल, म्हातारा अडाणी. पण प्रश्न सोपा नाही. आईने वाढलेल्या ताटातला घास आपण आधी मांजराला घालून बघत नाही. मित्राने मोजून दिलेल्या नोटा त्याच्यासमोर पुन्हा मोजत नाही, निदान चेहरा वळवून मोजतो. तपासणं म्हणजे अविश्वास दाखवणंच, असं माणसाला वाटतं, आणि शिकलेल्यांना तर जास्तच वाटतं. 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाईस नावाच्या डॉक्टरने शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी कितीतरी डॉक्टरांना राग आला तो आला. सभ्य माणसाचे हात अस्वच्छ असतील, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. मामा त्यांच्यापेक्षा बरे; निदान वाट्या मांडू तरी दिल्या.

मामी इतका वेळ गप्प होत्या. चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "परीक्षेचं काही नसतं हो. सीतामाईनंसुद्धा दिली. दुखतं ते एवढ्यासाठी, की घेणारा बाहेर उभा राहतो."

रामभक्तांच्या गावात हे वाक्य आलं, आणि क्षणभर कुणीच कप उचलला नाही. मीही बाहेरच उभा होतो. पिशवी काखेत घेऊन.

अर्धा तास झाला. अण्णांनी थेंब टाकले. पहिली वाटी पांढरी, दुसरी पांढरी, तिसरी, चौथी, पाचवी आणि सहावीसुद्धा पांढरी. निळ्याचा मागमूस नाही.

खरं सांगतो, मला आनंद झाला. पाणी इतकं वाईट निघेल असं वाटलं नव्हतं. मामांचा हौद सहाच्या सहा विषयांत नापास! मी मामांकडे अशा नजरेने पाहिलं, की समर्थांनी मूर्खांची लक्षणं लिहून झाल्यावर पढतमूर्खांसाठी दासबोधात वेगळा समास का घातला असावा, ते कुणालाही कळावं.

अण्णांनी मात्र मान हलवली. "घाई नको. निळं झालं नाही, याला कारणं तीन. पाणी फार भुकेलं असेल, पावडर मेलेली असेल, नाहीतर माझं निळं करायचं औषध जुनं झालं असेल. तिघांनाही उभं करू."

त्यांनी बाटलीबंद पाणी घेतलं. एका वाटीत माझ्या पावडरीची निवळी टाकली, दुसरीत त्यांच्या घरून आणलेल्या ताज्या पावडरीची, आणि दोन्हींत निळ्याचं औषध. त्यांच्या पावडरीची वाटी रामरायासारखी निळी झाली. माझी पांढरी. म्हणजे त्यांचं औषध निर्दोष. मेली होती ती माझी पावडर.

"ही कुठे ठेवली होती?"

"गच्चीवर," मी म्हणालो. "तोंड जरा उघडं होतं. पण पाऊस थेट लागला नव्हता..."

ताज्या ब्लीचिंग पावडरीत शेकडा 33 च्या आसपास उपयोगी क्लोरीन असतो. ऊन, हवा आणि ओल लागली की तो उडून जातो आणि मागे उरतो चुना. मी दीडशेएक किलोमीटर मोटारीने चुना घेऊन आलो होतो, मामांना लावायला.

मामा हसले नाहीत. त्यांनी हसायला हवं होतं. मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे ही अर्धी पिशवी टाकली असती तर काय झालं असतं?"

"काही नाही," अण्णा म्हणाले. "पाणी आहे तसंच राहिलं असतं, आणि तुम्ही सगळे निर्धास्त झाला असता."

हे 'निर्धास्त' मला अजून टोचतं. घाण पाण्यापासून माणूस निदान सावध तरी राहतो. औषध टाकलंय असं समजून प्यालेल्या घाण पाण्याला कोण सावध राहणार?

मग अण्णांनी त्यांच्या पावडरीने हौदाचं पाणी पुन्हा तपासलं. पुन्हा अर्धा तास. या वेळी पाचवी वाटी निळी झाली. म्हणजे पाणीही काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. अण्णा म्हणाले, "ही वाटी भूक सांगते, जंतू सांगत नाही. त्याला दुसरी युक्ती आहे." त्यांनी औषधाची पट्टी असलेल्या एका छोट्या बाटलीत हौदाचं पाणी भरून ती कोनाड्यात ठेवली. पाण्यात विष्ठेची घाण असली तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटली काळी पडली होती.

मामांनी बाटली हातात घेतली आणि बराच वेळ धरून बसले. मग उठले आणि हौदाला वळसा घालून गोठ्याच्या बाजूला गेले. तिथे भिंतीला जमिनीलगत चीर होती, आणि गोठ्याची मोरी तिच्या अंगावरून जात होती. हौद भरलेला असला की पाणी बाहेर झिरपे. हौद उतरला की बाहेरचं आत. पाणी मुरत होतं ते असं, दोन्ही बाजूंनी.

"आपण घरातले बोअरचं पितो," मामा हळू म्हणाले. "हे पाणी शेतावरच्या गड्याच्या घरचे पितात. दर पावसाळ्यात त्यांच्या बारक्याचं पोट जायचं. दोनदा सलाईन लावलं. आम्ही म्हणायचो, यांची राहणीच तशी."

कुणी काही बोललं नाही. पोटं बिघडायला दुसरीही कारणं असू शकतात, असं मला म्हणता आलं असतं. अण्णांनाही म्हणता आलं असतं. पण ती काळी बाटली मामांच्या हातात होती, आणि आमच्या कुणाच्या तोंडात तसं वाक्य आलं नाही.

मला त्या संध्याकाळी एक गोष्ट पटली. 'मला ठाऊक नव्हतं' हे वाक्य निरागस असतं, पण ते एकदाच वापरता येतं. ठाऊक करून घेण्याची सोय हाताशी असताना, आणि पाणी दुसऱ्याच्या पोटात जात असताना, तेच वाक्य पुन्हा म्हटलं की ते निरागस राहत नाही. आणि दुसरी गोष्ट मामींची. दुसऱ्याला तपासायला निघालेल्याने बाहेर उभं राहू नये. त्या इंग्रज डॉक्टरच्या वाट्यांचं मला कौतुक वाटतं ते यासाठी, की त्यांत पाणी आणि पावडर, सुधारायचा तो आणि सुधारणारा, एकाच वाटीत उतरतात. कुठल्याही मतप्रचारकाने, सासूने, शाखाधिकाऱ्याने किंवा काकाने अशी सोय स्वतःसाठी ठेवलेली मी तरी पाहिलेली नाही.

पुढचे दोन दिवस आमची दिवाळी हौदात गेली. हौद उपसला, घासला, चीर सिमेंटने बुजवली, मोरी दुसरीकडे काढली. पुणेकर मुलांनी शेवाळ खरवडलं आणि त्याचे फोटो काढून मित्रांना पाठवले. मामांनी घनसावंगीहून झाकणाची, तोटीची टाकी आणून गड्याच्या दारात बसवली. ते घरी गेले आणि त्या बाईला नुसतंच म्हणाले, "माय, आजपासून हौदाचं पाणी पिऊ नका. आमचं चुकलं." मामांना 'चुकलं' म्हणताना मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

हौद नव्याने भरला आणि सहा वाट्या पुन्हा मांडल्या. या वेळी तिसरी निळी झाली. हिशेब मी केला: 12 गुणिले 8 गुणिले 4, म्हणजे 384 घनफूट, म्हणजे सुमारे 10,900 लिटर. भागिले 455, म्हणजे 24. गुणिले तीन चमचे, दर चमचा दोन ग्रॅम. एकूण 144 ग्रॅम. माझी 'अर्धी पिशवी' भरत होती अडीच किलो. मेलेली होती म्हणून बरं. जिवंत असती तर आम्ही पोरांना पाण्यातून लाल डोळ्यांनी बाहेर काढलं असतं. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळी मामांनी स्वतःच्या हाताने हौदात ओतली. एवढ्याने काम संपत नाही, असं अण्णांनी बजावलं. पोहण्याच्या हौदाला शिल्लक जास्त लागते, शिवाय ऊन क्लोरीन खातं, उतरणारा प्रत्येक जण आपली घाण बरोबर आणतो. तेव्हा रोज तपासायचं, शिल्लक कमी दिसली की भर घालायची आणि ती वर आल्यावरच पोरांना उतरवायचं. अण्णा रोज सकाळी ओटीचे थेंब टाकून पिवळा रंग बघत, आणि त्यांच्या मागे मामा वाकून बघत. दिवाळी संपेपर्यंत थेंब टाकायचं काम मामांनी अण्णांच्या हातून काढून घेतलं होतं.

निघताना मामा मोटारीजवळ आले. "तुझी पिशवी ठेवून जा," म्हणाले. "गोठ्याच्या भिंतीला पांढरा रंग द्यायचाय."

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी उपाशीपोटी जाऊन मी रक्त देऊन आलो. संध्याकाळी अहवाल मिळाला. साखर किती निघाली ते बायकोला सांगितलं आहे. तुम्हाला सांगत नाही. खातेदाराची शिल्लक तिऱ्हाइताला सांगायची नाही, असा बँकेचा नियम आहे.